मे फ्लॉवरची रिकामी कुंडी

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की टोपी बाजारातल्या आमच्या घरी एका कुंडीवर दरवर्षी संकट येतं. कामाला येणारी मुलगी विचारते, "आंटीजी, ये तो सूख गया, फेंक दूँ?" आणि मी दरवर्षी सांगते, राहू दे, आत कांदा आहे.

हा कांदा मे फ्लॉवरचा. इथले नर्सरीवाले त्याला फुटबॉल लिली म्हणतात. मूळ आफ्रिकेतलं हे झाड वर्षातून एकदाच फुलतं, तेही ग्वाल्हेरचा पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना. जाड दांड्यावर लाल चेंडू, आणि एका चेंडूत शंभराहून जास्त बारीक फुलं. पावसाळाभर पानं हिरवीगार असतात. नवरात्रानंतर ती पिवळी पडू लागतात आणि थंडीत मातीवर काहीच उरत नाही. नेमकी तेव्हाच घरोघरी दिवाळीची सफाई निघते!

पानं पिवळी पडताना वाईट दिसतात, पण कापू नका. पानांतलं अन्न कांद्यात उतरत असतं आणि पुढच्या मेचं फूल त्याच शिदोरीवर येतं. पूर्ण वाळली की हलकेच ओढली तरी निघतात.

मग पाणी बंद. हे कुणाला पटत नाही. थंडीत हे झाड तहानेने क्वचित मरतं, पाण्याने हमखास मरतं, कारण झोपलेला कांदा पाणी ओढत नाही. आमच्याकडे जानेवारीत धुकं पडलं की दिवस-दिवस ऊन नाही, ओली माती आठवडाभर सुकत नाही, त्यात मध्येच मावठा. म्हणून गच्चीवरची कुंडी मी जिन्याखाली आणते. पानंच नाहीत तर उजेड कशाला हवा? अगदीच कोरडं वाटलं तर महिन्यातून एकदा अर्धी वाटी पाणी, बस्स.

कांदा आईचा. ती गेल्यावर त्याची पिल्लं आम्ही भावंडांनी वाटून घेतली. एक पुण्याला भाचीकडे गेलं. एका जानेवारीत तिचा फोन, "आत्या, आजीचं झाड गेलं गं बहुतेक." रोज न चुकता पाणी घालत होती बिचारी. म्हटलं, आधी उकरून बघ. दाबून टणक लागला तर जिवंत, मऊ पडून वास आला तर गेला. तिचा एका बाजूने मऊ होता. सडका भाग स्वच्छ सुरीने कापायला लावला, बुरशीनाशक पूड लावली, काही दिवस सावलीत वाळवून कोरड्या, वाळू मिसळलेल्या मातीत ठेवला. त्या मे महिन्यात नुसती दोन पानं आली. फूल आलं त्याच्या पुढच्या वर्षी. तिने व्हिडिओ कॉल करून दाखवलं, आणि बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

कांदा काढून ठेवणार असाल तर स्वयंपाकघरातल्या कांद्या-बटाट्यांच्या टोपलीपासून लांब ठेवा. तो विषारी असतो. लहान मुलं, मांजर असेल तर विशेष जपा.

होळीनंतर मातीतून टोक डोकावेपर्यंत थांबा. दिसलं की थोडं पाणी, पानं उघडली की नेहमीसारखं. कुंडी मोठी नको आणि दरवर्षी बदलायचीही नाही. मुळं हलवलेली त्याला आवडत नाहीत, एखादं वर्ष रुसून बसतं. तीन-चार वर्षांनी बदलली तरी चालते. फूल उमललं की दुपारच्या उन्हातून आत घ्या, म्हणजे आठवडाभर तरी टिकतं.

आमच्या कुंडीत यंदा तीन पिल्लं धरली आहेत. फेब्रुवारीअखेर वेगळी करणार आहे. लष्करातल्या कुणाला हवी असतील तर मंडळात निरोप ठेवा. मात्र पहिल्या मेमध्ये फुलाची वाट पाहू नका, पानंच येतील.