पाच वर्षांची हमी, पंचवीस वर्षांचा पंप

जानेवारीच्या मध्यावर वसमत-कळमनुरीच्या पट्ट्यात दोन कामं एकदम अंगावर येतात. हळदीचा पाला कापून काढणीची तयारी सुरू होते आणि त्याच वेळी गव्हाला पाणी लागतं. शेतीची लाईट चक्राकार पद्धतीने येते. पाळी रात्रीची असली की मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन मोटारीवर जायचं आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. शेजारी परभणीला कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो; हिंगोलीचं शिवार काही त्याहून उबदार नाही. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना फक्त मे महिना आठवतो. ओल्या वाफ्यात उघड्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाला थंडीचं विचारावं.

त्यात डीपी, म्हणजे रोहित्र, जळाला तर आणखी वेगळीच कथा. अर्ज, मग वाट बघणं, मग रोहित्र आणायला-न्यायला गाडी आणि त्या गाडीसाठी डीपीवरच्या सगळ्या मोटारवाल्यांची वर्गणी. ही वर्गणी कुठल्याच सरकारी कागदावर दिसत नाही; पण गावातली ऊर्जेसाठीची सगळ्यात जुनी सामुदायिक गुंतवणूक तीच, असं मी म्हणेन.

या रात्रीच्या पाण्यावर काढलेला उतारा म्हणजे सौर कृषिपंपाचं अनुदान. महाराष्ट्रात आधी अटल, मग मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना, २०१९ पासून केंद्राची कुसुम आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ अशी ही साखळी आहे. आजच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. केंद्राचा वाटा ३० टक्के, बाकीचं राज्य बघतं. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यावर साडेसात. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर, सोबत सात-बारा आणि पाण्याचा स्रोत. हिस्सा भरला की पुरवठादाराची यादी समोर येते, त्यातला एक निवडायचा. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा पुरवठादाराकडे. पॅनेलचं आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचं सांगितलं जातं. या दोन आकड्यांमधलं वीस वर्षांचं अंतर डोक्यात ठेवूनच पुढचं वाचावं.

हे अंतर जगात जिथे फार लवकर कळलं, ते प्रदेश बर्फाचे आहेत. अलास्कात दोनशेच्या आसपास वस्त्या अशा आहेत की त्यांना ना रस्ता, ना मोठ्या वीजजाळ्याची तार. डिझेल उन्हाळ्यात जहाजाने येतं आणि टाक्यांत भरून वर्षभर पुरवायचं. तिथल्या राज्याने १९८५ पासून या वस्त्यांच्या वीजबिलाला आधार दिला आणि २००८ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी वेगळा निधी काढला. कोत्झेब्यू या ध्रुववृत्तापलीकडच्या गावात १९९७ मध्ये पवनचक्क्या फिरू लागल्या, त्या गावच्याच वीज सहकारी संस्थेच्या. उणे तीस अंशांत चक्की बंद पडली तर शहरातून मिस्त्री यायला हवामान निवळावं लागतं. त्यामुळे तिथे अनुदान मागणाऱ्याला पहिला प्रश्न असतो, दुरुस्त कोण करणार? यंत्र कोणतं, हे नंतर.

आपल्याकडे लडाखमध्ये हेच वेगळ्या वाटेने घडलं. लेहच्या ‘लेडेग’ या संस्थेने १९८०च्या दशकापासून घरं उन्हावर तापवण्याचं काम केलं: दक्षिणेकडची भिंत काळी रंगवायची, तिच्यापुढे काच लावायची, दिवसभर भिंत तापते आणि रात्री खोलीत ऊब सोडते. सोनम वांगचुक यांच्या ‘सेकमोल’चं फे गावातलं आवारही मातीच्या भिंती आणि ऊन यांच्यावरच हिवाळा काढतं. अशा घरात बिघडायला फार काही नसतं. माती, दगड, मजुरी घरमालकाची. बाहेरचा पैसा काच, लाकूड आणि गवंड्याच्या शिकवणीपुरता. गवंडी गावातच राहतो, ही त्यातली खरी कमाई.

जागतिक पर्यावरण निधीचा लघुअनुदान कार्यक्रमही १९९२ पासून याच रीतीने चालतो. एका कामाला छोटी रक्कम, पैसे सरकारला न देता थेट गावातल्या संस्थेला, आणि गावाने रोख किंवा श्रमातून आपला वाटा घालायचा.

आता हिंगोलीच्या शिवारात परत येऊ. इथे अनुदान गावाला मिळत नाही, सात-बाऱ्याला मिळतं. त्यात चूक काहीच नाही. विहीर एकाची, पंप एकाचा. पण त्यामुळे काही गोष्टी आपोआप निसटतात.

पहिली गोष्ट खोलीची. पंपाची क्षमता एकरावर ठरते, पाण्याच्या पातळीवर नाही. कयाधूच्या काठच्या विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप दुपारभर छान धार धरतो. सेनगावच्या माळावर फेब्रुवारीनंतर बोअरचं पाणी खाली गेलं की तोच पंप धापा टाकतो. हळद आता बहुतेक जण गादीवाफ्यावर ठिबकने घेतात. ठिबकला दाब लागतो, दाबाला ऊन लागतं, आणि सकाळी नऊच्या आधी किंवा ढग आल्यावर शेवटच्या तोट्यांना पाणी पोचत नाही. माहीतगार शेतकरी मग शेताचे दोन-तीन भाग करून व्हॉल्व्ह फिरवत बसतात. हे कुणी शिकवत नाही. बसवायला आलेली माणसं ढाचा उभा करून, मोबाइलवर फोटो काढून निघून जातात.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. सौर पंपात पॅनेल बहुधा बिघडत नाही. धूळ बसते, ती आठ-पंधरा दिवसांनी सकाळी गार असताना धुवावी लागते, एवढंच. वादळी वाऱ्यात ढाचा वाकतो किंवा केबल चोरीला जाते, त्याला विमा आहे. खरं दुखणं कंट्रोलरचं. पॅनेलची वीज मोटारीला चालेल अशी करणारा हा डबा. त्याच्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडा उमटतो आणि मोटार बसते. गावचा वायरमन डीपीचा फ्यूज घालतो, मोटार भरून आणतो, स्टार्टर उघडून बसतो. या डब्याला मात्र हात लावत नाही. लावला तर हमी जाते, असं त्याला सांगितलेलं असतं. मग तक्रार नोंदवा, संदेश येईल, माणूस येईल. तोवर गव्हाच्या दुधाळ अवस्थेतलं एक पाणी हुकतं, आणि त्या पाण्याची भरपाई कुठल्याच विम्यात नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. पंप वर्षाचे किती दिवस चालतो? खरिपात पावसाने दडी मारली तर काही दिवस, रब्बीत खरा मोसम, उन्हाळ्यात पाणी असेल त्याचं भाग्य. धरून चालू दीडशे दिवस. उरलेले दोनशे दिवस पाच किलोवॉटची पॅनेलं आभाळाकडे तोंड करून नुसती उभी. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे एका शेतात वर्षाला चार हजार युनिटच्या घरात वीज निर्माणच होत नाही. केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने यावर तोड मान्य केलेली आहे: असा कंट्रोलर, ज्यावर पंप बंद असताना पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, लहान शीतपेटी चालू शकते. तो महाग पडतो. दहा टक्क्यांच्या हिशेबात कुणी तो मागत नाही, आणि तो मागता येतो हेही फार थोड्यांना माहीत असतं.

हिंगोलीत तर या विजेला गिऱ्हाईक दाराशीच आहे. हळद काढणीनंतरचं काम ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंद ओला विकला जात नाही. तो शिजवावा लागतो, वाळवावा लागतो, घासावा लागतो. पूर्वी शेतातच भट्टी खणून मोठी कढई मांडायची, त्यात पाणी आणि हळद, वरून पाला आणि ओलं पोतं झाकायचं. खाली तुराट्या, पऱ्हाट्या, मिळेल ते लाकूड. काडी टोचली आणि ती आरपार गेली की शिजली. धूर, वाफ आणि पिवळे हात. आता बहुतेक ठिकाणी बॉयलर आलाय, गावाकडे त्याला ‘कुकर’ म्हणतात. एका टाकीत पाणी उकळतं, त्याची वाफ नळीतून दोन-चार पिंपांत सोडतात आणि हळद वाफेवर निघते. हळद पाण्यात बुडत नसल्याने पाणी आणि जळण दोन्ही वाचतं, शिजणंही एकसारखं होतं. कुकर ट्रॅक्टरमागे लावून आखाड्या-आखाड्यांवर भाड्याने फिरतो. पुढे दहा-पंधरा दिवस खळ्यावर वाळवण, अवकाळीच्या भीतीने रात्री ताडपत्र्या, आणि शेवटी पॉलिशच्या ड्रममध्ये खडखडाट. शंभर किलो ओल्या कंदाची वीस-पंचवीस किलो वाळलेली हळद हाती येते.

या सगळ्या साखळीत जळणाचा खर्च कुठेही ‘ऊर्जा’ म्हणून मोजला जात नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन केंद्र उभं राहतंय, हिंगोलीच्या बाजारात मोसमात हळदीच्या गाड्यांची रांग लागते. मान झाला, बाजार झाला. पण हळद शिजते ती अजून तुराट्यांवर, आणि पॉलिशचा ड्रम फिरतो ट्रॅक्टरच्या डिझेलवर नाही तर लाईटच्या लहरीवर. शिजवायला उष्णता प्रचंड लागते, ती पंपाच्या पॅनेलवर होणार नाही, हे खरंच. पॉलिशचा लहान ड्रम आणि वाळवणीचा पंखा मात्र होऊ शकतो. आणि हळदीचं हे काम बहुतांशी जानेवारीनंतरचं, म्हणजे विहिरीचं पाणी आटत जातं आणि पंप रिकामा होत जातो त्याच दिवसांतलं.

वाळवणीचं उदाहरण लांब शोधायला नको. वैभव तिडके आणि त्यांच्या मित्रांच्या ‘एस फोर एस’ने मराठवाड्यातल्या बायकांच्या हाती सौर ड्रायर दिले, भाज्या वाळवून विकायची साखळी उभी केली आणि २०२३ मध्ये त्यांना अर्थशॉट पारितोषिक मिळालं. तिथे यंत्रासोबत खरेदीदार आला होता. अनुदानाच्या यंत्राला तो सहसा मिळत नाही.

पैसा आधी की नंतर, हाही एक मोठा प्रश्न. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे सगळे ‘पोकरा’ म्हणतात तो, हिंगोलीतही होता. त्याचा नियम सरळ: आधी खरेदी, मग तपासणी, मग खात्यात अनुदान. ‘पीएम सूर्यघर’मध्ये छतावर दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार मिळतात, तेही संच बसून चालू झाल्यावर. भ्रष्टाचार रोखायला ही रीत चांगली, यात वाद नाही. पण ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्यालाच अनुदान मिळतं, हा तिचा दुसरा अर्थ. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या पत्र्याच्या घरावर हे गणित बसत नाही.

गावाच्या नावावर येणारा एक छोटा पैसा मात्र आहे, आणि त्याची चर्चा होत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३च्या दुसऱ्या टप्प्यात फीडरच्या फीडर सौर करायचे आहेत, म्हणजे पंप जुनाच, तार जुनीच, फक्त वीज दिवसा. अशा प्रकल्पाला जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, आणि प्रकल्प ज्या गावात होईल तिथल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. पंधरा लाखांत सभागृहाची रंगरंगोटी आणि कमान होते, हे आपण बघतोच. त्यातच एक सामायिक हळद कुकर, एक पॉलिशचा ड्रम आणि कंट्रोलर उघडायला शिकलेली दोन पोरंही बसतात.

गावाने असा पैसा सांभाळल्याचा दाखला आहे. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ने ९.४ किलोवॉटचं सौर वीजजाळं उभं केलं. घरं चाळीसच्या आसपास, पैसा बॉश कंपनीच्या सामाजिक निधीतून. जाळं गावच्या न्यासाचं. घरोघर मीटर लावले आणि दर असा ठरवला की त्यातून देखभाल निघावी आणि पुढे बॅटऱ्या बदलायला पैसे साठावेत. डोंगरातल्या वस्तीने वीजबिल भरणं स्वीकारलं, कारण बिल भरल्यावर दिवा चालू राहतो हे त्यांना दिसत होतं.

हिंगोलीत आज हिशेब उलटा आहे. बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल शून्य. त्यामुळे सौर पंपाचं आकर्षण बिलासाठी नाही, दिवसा पाणी देता येतं आणि रात्रीची झोप होते यासाठी आहे. ज्याला डीपीची लाईट आणि सौर पंप दोन्ही हवेत तोही मागे नाही, आणि तसं वागणं शहाणपणाचंच आहे; दोन्हींपैकी एक कधी ना कधी बसणारच.

२०२४-२५ मध्ये बसलेल्या पंपांची पाच वर्षांची हमी २०२९-३० मध्ये संपेल. मोफत विजेची मुदत त्याच्या थोडी आधी, मार्च २०२९ मध्येच संपते. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे वर्ग भरतातच. केंद्राचं ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण २०१५ पासून चालू आहे. तालुक्याला दहा-बारा पोरं धरली तरी हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा मिळून साठच्या वर जात नाहीत. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे, २६०० कोटींची. तिच्या शेजारच्या शिवारातल्या कंट्रोलरचा डबा उघडायला लागणाऱ्या या साठ पोरांचं शिक्षण त्यापुढे चिल्लर आहे. आणि २०२९ला अजून तीन-चार हंगाम आहेत, तेवढ्यात ते होण्यासारखं आहे.