लिलावाचा रस्ता

मसुरीच्या ढिगाभोवती पाच-सहा व्यापारी गोळा होतात. एक जण मूठभर दाणे तळहातावर पसरतो, फुंकर मारतो, एखादा दाताखाली फोडून बघतो. मंडीचा कर्मचारी भाव पुकारतो. भाव पाच-दहा रुपयांनी चढत जातो, एका जागी थांबतो, पर्ची फाडली जाते आणि घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. शेतकरी सगळा वेळ व्यापाऱ्यांच्या तोंडाकडे बघत असतो.

पाटनच्या मंडीत याला हिंदीत ‘नीलामी’ म्हणतात, आमच्या मराठी घरात ‘लिलाव’. दोन्ही शब्दांचं मूळ पोर्तुगीज, ‘लेइलांव’. तो लेइलांव जिथे भरायचा, त्या गोव्यातल्या रुआ दिरैता रस्त्याचं चित्र मी भिंगाखाली कितीदा तरी पाहिलं आहे. यान हुयखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583मध्ये आर्चबिशपचा कारकून म्हणून गोव्यात आला. त्याच्या 1596च्या ‘इटिनेरारियो’साठी डोएटेकम घराण्यातल्या कारागिरांनी हा बाजार तांब्याच्या पत्र्यावर उतरवला.

भिंग धरलं की गर्दी उरत नाही, माणसं उरतात. दाट रेघा म्हणजे सावली, कोरा ठेवलेला कागद म्हणजे ऊन. पोर्तुगिजावर छत्री धरणारा सेवक, घोडेस्वार आणि विक्रीला उभे केलेले गुलाम. मालकाच्या कपड्यांच्या चुण्यांवर कोरणाऱ्याचा हात जितका सावकाश फिरला आहे, तितकाच गुलामाच्या दंडावरही. लिन्सखोटेनने लिहून ठेवलंय की रविवार-सणवार सोडून हा बाजार रोज सकाळी भरे, पुकारणारे अंगावर विकायच्या सोनसाखळ्या घालून फिरत आणि त्यांच्यामागे गुलाम.

पुढे 1620मध्ये जॅक कालो या कोरक चित्रकाराने अशीच एक बाजारगर्दी, फ्लॉरेन्सजवळच्या इंप्रुनेताची जत्रा, कोरली. एका पत्र्यावर हजाराहून जास्त माणसं! पत्र्याला त्याने मऊ मेणाऐवजी ल्यूट हे तंतुवाद्य घडवणाऱ्यांचं कडक व्हार्निश लावलं: ते तडकत नाही, आम्ल नको तिथे शिरत नाही आणि केसाएवढी रेघही टिकते. त्याने पत्रा आम्लात टप्प्याटप्प्याने बुडवला: दूरची माणसं फिकी, जवळची गडद. त्या जत्रेतही एका बाजूला दोरीने टांगलेला माणूस आहे आणि भोवती खरेदी चालूच आहे. मला तो सापडला तेव्हा भिंग पुढे सरकेना.

मंडीत आता तोलणी सुरू झाली आहे. मघाचा शेतकरी ट्रॉलीच्या चाकाला टेकून पर्चीवरचा आकडा पुन्हा वाचतो आहे, ओठ हलवत.