भैरवीने सुरुवात

"मामा, ओळखा बरं, कुठलं आहे?" म्हणत भाच्याने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं. रात्रीचे अकरा वाजलेले, संगमनेरात लाइट गेलेली, गच्चीवर प्रवरेकडून वारा येत होता. आधी नुसता डिस्कोचा ठोका. मग खालून एक रबरी आवाज सरपटत आला, एकच वळसा पुन्हापुन्हा घेणारा. त्यावर सूर उलगडू लागले.

"भैरवी," मी म्हणालो. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याला एवढं कळतं. फक्त चमत्कारिक वाटलं: मैफल जिथे संपते तिथून ही तबकडी सुरू होत होती.

"मला वाटलं शिकागो, 1987," तो हसला. "पण हे मुंबईचं आहे. 1982."

मग गोष्ट निघाली. 2002 साली एदो बाउमन नावाचा डच संग्राहक दिल्लीत जुन्या तबकड्या चाळत होता. एचएमव्हीची एक उचलली: चरणजित सिंग, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. हॉटेलवर नेऊन छोट्या प्लेअरवर लावली आणि थक्क झाला. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने 'ॲसिड ट्रॅक्स'मधून 1987 साली ॲसिड हाऊसचा जो आवाज जगापुढे आणला, तोच इथे पाच वर्षं आधी वाजत होता. बाउमनने चरणजित सिंगांना मुंबईत शोधून काढलं. सिनेसंगीतात वाजवणारे वादक. 2010 साली त्याने स्वतःच्या 'बॉम्बे कनेक्शन'तर्फे ती तबकडी पुन्हा काढली, तर काहींना ती आजच्याच कुणा वादकाची थट्टा वाटली!

सरपटणारा आवाज रोलँडच्या टीबी-303 या सिंथेसायझरचा. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून 1981 साली काढलेली ही पेटी बेससारखी वाजेचना. 1984 साली बंद पडली, सेकंडहँड बाजारात पडत्या भावाने गेली, आणि शिकागोच्या पोरांच्या हाती लागली. सिंगांनी मात्र ती नवीकोरी सिंगापुरात घेतली होती. सिनेमात डिस्कोचा सुकाळ होता. त्यांना वाटलं, तोच ठोका घ्यावा, तबला काढावा आणि राग वाजवावेत. तबकडीला तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही.

त्यांना ॲसिड हाऊसचे जनक म्हणणं मला पटत नाही. कुणी कुणाचं ऐकलेलं नाही, तरी चेहरे जुळले. कारण साधं आहे. रागात षड्जाचं घर सोडायचं नसतं; सगळी हालचाल त्या घराभोवती. नाचणाऱ्यांसाठी शिकागोवालेही एकाच वळशावर ठाण मांडून बसले. आमच्याकडे तबल्यासाठी पेटीवर लेहरा धरतात, तोही असाच, न थकता फिरणारा. इथे ते काम यंत्राकडे गेलं. आणि सरमिसळीचं म्हणाल, तर तमाशातल्या कांताबाई सातारकरांच्या या गावाला तिचं कसलं नवल! तमाशात ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड येऊन जमाना झाला.

सिंग 2015 साली गेले. त्याआधी उतारवयात युरोपच्या मंचांवर जाऊन त्यांनी हेच राग वाजवले.

मेघमल्हार, यमन, कलावती झाले. मालकंस लागला तेव्हा बारा वाजत आले होते; हा अगदी बरोबर वेळेला आला. तेवढ्यात लाइट आली, खाली पंखे घरघरू लागले. भाचा इअरफोन काढायला लागला.

"थांब," मी म्हणालो, "बैरागी राहिलाय."