हिरवा आडोसा : कुंपणालगतच्या वनस्पतींची निवड

तारेच्या कुंपणाने घराची हद्द ठरते. पण रस्त्यावरची नजर आणि धूळ तेवढ्याने थांबत नाही. त्यांना अटकाव करण्यासाठी कुंपणालगत वनस्पतींची दाट रांग लावणे हा स्वस्त व डोळ्यांना सुखविणारा उपाय होय. अशा वेळी 'सर्वांत लवकर वाढणारी वनस्पती कोणती?' हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु केवळ त्याच्या उत्तरावर विसंबून केलेली निवड पुष्कळदा पश्चात्तापास कारण होते. वाढीचा वेग हा गुण खरा, तथापि जिची वाढ माळ्याच्या कात्रीला जुमानते तीच वनस्पती आडोशास योग्य ठरते.

उंची निराळी, दाटपणा निराळा

शेंड्यावरील कळीत ऑक्सिन नावाचे वृद्धिद्रव्य तयार होते. ते देठातून खाली उतरते व त्याच्या प्रभावाने पानांच्या बगलेतील कळ्या सुप्त राहतात. परिणामी रोप उंच होते, पण खालून उघडे पडते. शेंडा छाटला की हा अंमल संपतो आणि बगलेतील कळ्यांना फांद्या फुटतात. म्हणून रोपे हव्या त्या उंचीला पोहोचेपर्यंत वाट पाहणे ही चूक होय. ती गुडघ्याएवढी झाली की पहिली छाटणी करावी आणि नंतरही वेळोवेळी करीत राहावे.

शेवरीचे उदाहरण बोलके आहे. ती एका वर्षात माणसाच्या डोक्यावर जाते; पण तिचे आयुष्य थोडे आणि बुंधा उघडा. कायमच्या रोपांच्या मागे तात्पुरता पडदा म्हणून ती लावावी व मुख्य रांग भरू लागताच काढून टाकावी.

जागा तशी वनस्पती

एकच वनस्पती सर्वत्र चालत नाही, याची साक्ष इतिहासातही सापडते. इंग्रजी अमदानीत मिठावरील कर चुकवून होणारी वाहतूक रोखण्यासाठी उत्तर व मध्य भारतातून जकात-रेषा आखलेली होती. तिच्यावर शेकडो मैल लांबीचे जिवंत कुंपण उभारण्यात आले. १८६७ ते १८७० या काळात त्या खात्याचे प्रमुख ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे होते. जमिनीचा कस व पाऊसमान पाहून तेथे बाभूळ, बोर, करवंद अशी निरनिराळी काटेरी झाडे लावली गेली. जेथे दुसरे काही तगत नसे तेथे निवडुंगावर भागविले गेले. ही जकात-रेषा १८७९ साली रद्द झाली, पण तिच्यामागील वनस्पतिशास्त्रीय धडा आजही उपयोगी आहे.

समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या वाऱ्यात कोयनेल उत्तम वाढते, फाट्यांपासून सहज लागते आणि छाटणी सोसते. उष्ण व कोरड्या प्रदेशात मेंदी चांगली. अडुळसा थोड्याशा सावलीतही दाट होतो आणि गुरे-शेळ्या त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. गिरिपुष्पाचे फाटे झपाट्याने फुटतात, मात्र कोरड्या ऋतूत त्याची पाने झडतात व आडोसा विरळ होतो. सुवासिक फुलांची कुंती सुरेख दिसते. परंतु लिंबूवर्गीय फळझाडांना 'ग्रीनिंग' रोग देणारा सिल्ला कीटक तिच्यावरही पोसला जातो. म्हणून संत्री-मोसंबीच्या बागांजवळ ती लावू नये. जेथे मुले खेळतात तेथे कण्हेर व शेर टाळावेत. कण्हेर विषारी आहे आणि शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

एक महाग पडलेली निवड

उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी व कुंपणासाठी भारतात आणली गेली. ती भरभर वाढते, गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि फुलते वर्षातला बराच काळ. कुंपणाला हवेत ते सारे गुण तिच्यात होते. पण पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बी रानोमाळ नेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातील व्याघ्रक्षेत्रांत सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर वनांपर्यंत तिचा फैलाव झालेला आहे. तिच्या जाळीखाली गवत व रानरोपे वाढत नाहीत आणि चरणाऱ्या प्राण्यांचा चारा हिरावला जातो. वेडी बाभूळही अशीच लावणाऱ्याच्या हाताबाहेर गेली. कुंपण ओलांडून जाणारी वनस्पती कुंपणासाठी निवडू नये, हे यावरून उघड होते.

लागवड

सुमारे ४५ सेंटीमीटर रुंद व तितकाच खोल चर खणून त्यात माती व कुजलेले शेणखत भरावे. पावसाळ्याच्या प्रारंभी, सुमारे ३० सेंटीमीटर अंतरावर, दोन ओळींत नागमोडी पद्धतीने रोपे लावावीत. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, तेव्हा तेथे लागवडही त्याच सुमारास करावी. ओळी हद्दीपासून थोड्या आत घेतल्या, तर छाटणीसाठी शेजाऱ्याच्या अंगणात शिरावे लागत नाही. छाटताना रांगेचा तळ रुंद व माथा अरुंद ठेवावा. म्हणजे खालच्या पानांना प्रकाश मिळतो व बुंधा उघडा पडत नाही.

याप्रमाणे पहिली दोन वर्षे थोडा धीर धरला, तर पुढे वर्षानुवर्षे टिकणारा आडोसा लाभतो. हे दोन-वर्षांचे भान सुटले, की उंच परंतु पोकळ रांग उभी राहते. किंवा घाणेरीसारखी वनस्पती हाताबाहेर जाते व तिचा भार पुढच्या पिढ्यांना वाहावा लागतो.