पहिला हंगाम गर्दीचा, चौथा आलाच नाही

मैत्रिणींनो, गटाचा नवा उद्योग सुरू झाला की पहिल्या वर्षी दोन गोष्टी हमखास असतात. उद्घाटनाला गर्दी असते आणि हातात भांडवल असतं. मग दोन्ही कायमच्याच आहेत असं वाटायला लागतं. या अंकात त्यावरूनच एक लांबची हकीकत सांगायची आहे. ती अमेरिकेतल्या बायकांच्या फुटबॉलची आहे. तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात. खेळ आपल्या ओळखीचा नसला तरी चालेल, कारण यातला हिशोब आपल्या चांगला ओळखीचा आहे.

लीग म्हणजे काय?

वेगवेगळ्या शहरांचे संघ काही महिने आळीपाळीने एकमेकांशी सामने खेळतात, त्याला लीग म्हणतात. ते काही महिने म्हणजे एक हंगाम. हंगामाच्या शेवटी वरचे संघ अंतिम फेरीत खेळतात. खेळाडूंना पगार असतो, म्हणजे खेळणं हीच त्यांची नोकरी. लीगमध्ये पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो: तिकिटं, सामने दाखवणाऱ्या टीव्ही वाहिन्या आणि प्रायोजक. प्रायोजक म्हणजे जाहिरातीच्या बदल्यात पैसे देणाऱ्या कंपन्या. पैसा जायच्या वाटा मात्र पुष्कळ असतात. पगार, मैदानाचं भाडं, प्रवास, मुक्काम, कार्यालय, प्रसिद्धी. सामन्याला लोक येवोत न येवोत, हे खर्च चुकत नाहीत.

गर्दी कुठून आली?

अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असा तो कायदा. त्यामुळे मुलींना खेळाची मैदानंही उघडी झाली. त्यातून एक पिढी तयार झाली. १९९९ साली महिलांचा विश्वचषक अमेरिकेतच भरला. अंतिम सामना पाहायला ९० हजारांहून जास्त लोक आले. अमेरिकेच्या मुलींनी चीनला हरवलं आणि देशभर त्यांचं नाव झालं.

त्याच जोरावर महिलांची व्यावसायिक लीग काढायचं ठरलं. तिचं नाव होतं विमेन्स युनायटेड सॉकर असोसिएशन. सगळे तिला ‘वुसा’ म्हणत. डिस्कव्हरी वाहिनीचे संस्थापक जॉन हेंड्रिक्स आणि केबल टीव्हीच्या धंद्यातल्या काही कंपन्यांनी पैसा घातला. विश्वचषक जिंकणाऱ्या २० खेळाडू या लीगच्या संस्थापक आणि भागधारक होत्या. आपल्या उत्पादक कंपनीत सभासद बायकांचे शेअर असतात, तसंच.

पहिला हंगाम

१४ एप्रिल २००१ रोजी वॉशिंग्टन शहरात पहिला सामना झाला. ३४ हजारांहून जास्त लोक आले. एका संघात मिया हॅम, दुसऱ्यात ब्रँडी चॅस्टेन. विश्वचषकात दोघी एकाच संघात होत्या, इथे समोरासमोर. ब्राझीलच्या प्रेटिन्हाने पेनल्टीवर गोल केला आणि वॉशिंग्टन १-० ने जिंकलं. एकूण आठ संघ होते. चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलियाच्या नामवंत खेळाडूही आल्या होत्या. २५ ऑगस्टचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टीवर लागला. जिंकला तो कॅलिफोर्नियाचा बे एरिया सायबररेज हा संघ. सामन्याला सरासरी आठ हजार प्रेक्षक आले. खेळ चांगला झाला, खेळाडूंचं कौतुक झालं, लोकही आले. मग बिनसलं कुठे?

पाच वर्षांची शिदोरी

सुरुवातीचं भांडवल होतं ४ कोटी डॉलर. त्या वेळच्या भावाने १८०-१९० कोटी रुपये. एवढ्यात पाच वर्षं काढायची, असा बेत होता. ते पैसे पहिल्याच वर्षी संपले.

देशभर पसरलेले आठ संघ, पूर्ण पगार, मोठी मैदानं, सगळं पहिल्या दिवसापासून मोठ्या मापाने सुरू झालं होतं. बोस्टन आणि सॅन डिएगो या दोन शहरांत चार हजार किलोमीटरचं अंतर आहे. विमानाशिवाय सामना होत नाही. टीव्हीवर सामने पाहणारे मात्र थोडेच निघाले आणि प्रायोजकही हवे तेवढे मिळाले नाहीत. पहिला हंगाम मोठ्या वाहिनीवर दिसला, पण दुसऱ्या वर्षी लीग छोट्या वाहिनीवर गेली. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात मैदानावरचे प्रेक्षकही सात हजारांच्या आत आले.

याचं कारण आपल्याला गावातच कळतं. विश्वचषक ही जत्रा होती. ती चार वर्षांनी भरते, सगळा मुलूख लोटतो. लीग म्हणजे आठवडी बाजार. तिथे दर आठवड्याला येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. ते कमी असतं, हळूहळू जोडावं लागतं. वुसाने जत्रेची गर्दी पाहिली आणि त्या मापाने बाजारात दुकान थाटलं.

तिसऱ्या वर्षी संस्थापक खेळाडूंनी स्वतःचे पगार कमी करून घेतले. तरी भागलं नाही. १५ सप्टेंबर २००३ रोजी लीग बंद झाल्याचं जाहीर झालं. पुढचा विश्वचषक अमेरिकेतच होता आणि तो पाच दिवसांवर आला होता. तीन वर्षांत जवळपास १० कोटी डॉलर गेले होते. आठही संघांतल्या मुलींची नोकरी एका दिवसात गेली.

पहिला नंबर, तरी बंद

२००९ साली दुसरी लीग निघाली. तीही तीन हंगाम चालली आणि २०१२ मध्ये बंद पडली. तिच्या पहिल्या हंगामातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लॉस एंजेलिसच्या संघात ब्राझीलची मार्ता होती, जगातली नावाजलेली खेळाडू. साखळी सामन्यांत हा संघ सगळ्यांच्या वर राहिला. पण पुढच्या जानेवारीत तोच संघ बंद झाला, कारण तो चालवायला मालक मिळाला नाही. माल एक नंबर असला म्हणजे धंदा टिकतोच असं नाही, ते असं.

तिसऱ्यांदा माप बदललं

२०१३ साली तिसरी लीग सुरू झाली, नॅशनल विमेन्स सॉकर लीग. तिच्यातही आठ संघ होते, पण खर्चाची मांडणी वेगळी होती. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांच्या फुटबॉल महासंघांनी आपापल्या राष्ट्रीय खेळाडूंचे पगार स्वतः उचलले. संघाला सगळ्यात महाग पडणारा खर्च महासंघाने घेतला, त्यामुळे संघांवरचं ओझं हलकं झालं. काही संघ कॉलेजच्या मैदानांवर, चार-पाच हजार माणसं मावतील अशा जागी खेळले. पहिल्या हंगामात प्रेक्षकांची सरासरी साधारण चार हजारांवर होती. म्हणजे वुसाच्या पहिल्या वर्षाच्या निम्मीच. तरी ही लीग चौथा हंगाम खेळली, दहावाही खेळली आणि आज चालू आहे. २०२४ मध्ये तिच्यात १४ संघ होते. त्याच वर्षी कॅन्सस सिटीत खास महिला संघासाठी बांधलेलं मैदान उघडलं.

पण काटकसर कुणाच्या पदरची?

इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी. बाकीच्या खेळाडूंचा पहिल्या हंगामाचा पगार ६ हजार ते ३० हजार डॉलर एवढाच होता. आपल्याला आकडा मोठा वाटेल, पण तिथल्या बहुतेक शहरांत ६ हजार डॉलरमध्ये वर्षाचं घरभाडंही सुटत नाही. कित्येक मुली गावातल्या कुणाच्या तरी घरी राहून खेळल्या. काहींनी जोडकाम केलं, काहींनी ऐन उमेदीत खेळ सोडला. म्हणजे लीग वाचली ती खर्च आटोक्यात ठेवल्यामुळे, पण त्यातला मोठा वाटा या मुलींनी सोसला. तो हिशोबाच्या कुठल्याच वहीत दिसत नाही. पुढे खेळाडूंनी संघटना करून बोलणी केली. २०२२ च्या करारात कमीत कमी पगार ३५ हजार डॉलर ठरला. त्याला नऊ वर्षं लागली.

आपल्या गटातही हेच होतं. पापड-शेवयांचा खर्च काढताना डाळ, तेल, पिशवी, गाडीभाडं सगळं लिहितो आणि बायकांच्या हाताची मजुरी लिहायची राहते. मग वहीत नफा दिसतो आणि चार महिन्यांनी बायका यायच्या थांबतात.

पुढच्या मासिक बैठकीत बोलायचे चार प्रश्न

१. आपल्याकडचं भांडवल, मग तो फिरता निधी असो की बँकेचं कर्ज, किती महिने पुरवायचं ठरलं आहे? दर महिन्याला त्यातलं किती गेलं, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवतो का?

२. आपली विक्री जत्रेची किती आणि आठवडी बाजाराची किती? दिवाळी, प्रदर्शन, सरस यांची विक्री बाजूला काढा. उरलेल्या महिन्यांच्या विक्रीवर यंत्राचा हप्ता आणि जागेचं भाडं निघतं का?

३. एकट्या गटाला न झेपणारा कुठला खर्च ग्रामसंघाने किंवा प्रभागसंघाने मिळून उचलावा? वाहतूक, पॅकिंग यंत्र, तपासणीचा खर्च, काहीही असेल. तशी मागणी लेखी द्या.

४. प्रत्येकीची मजुरी खर्चात धरली आहे का? आज देता येत नसेल तर ‘देणे बाकी’ म्हणून लिहा आणि कधी देणार ती तारीखही लिहा.

चारही उत्तरं इतिवृत्त वहीत नोंदवून ठेवा. वर्षभराने ते पान काढून पुन्हा बैठकीत वाचा आणि आकडे कुठे बदलले ते बघा.