लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ

दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेल्या विलिस जीपमध्ये चालकाच्या हाताशी मुख्य गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन दांडे असत. एकाने पुढची चाके इंजिनाच्या बळाला जोडली जात. दुसऱ्याने वेग घटवून जोर वाढविता येई. दांडा अडला, तर ते तळहातालाच समजे. आजच्या पिकअप ट्रकमध्ये, उदाहरणार्थ २०१६ साली भारतात आलेल्या इसुझू व्ही-क्रॉसमध्ये, हे काम एक फिरते बटण करते. ‘टू-एच’वर मागची दोन चाके ओढतात, ‘फोर-एच’वर चारही, आणि ‘फोर-एल’वर चारही चाके मंद गतीने परंतु मोठ्या जोराने चालतात. सोय वाढली खरी. पण पूर्वी जे हाताला कळे, ते आता समोरच्या फलकावरील एका लहानशा दिव्यावरून ओळखावे लागते. दिवा स्थिर झाला, तर काम फत्ते. तो लुकलुकतच राहिला, तर मात्र स्पितीच्या बर्फात किंवा मेघालयाच्या चिखलात रात्र काढण्याची पाळी येऊ शकते.

बटण फिरविणे म्हणजे चाके जोडणे नव्हे. ती केवळ आज्ञा होय. ही आज्ञा गाडीतील नियंत्रक पेटीकडे जाते. पेटी गाडीचा वेग व गिअरची स्थिती तपासते आणि सारे नियमानुसार असेल तरच रिलेच्या द्वारे एका छोट्या मोटरला वीज देते. ही मोटर ट्रान्स्फर केसमधील काटा सरकविते. पुढच्या ॲक्सलवरही जोडणी होते. आणि काम झाल्याचा निरोप संवेदक पेटीकडे परत पाठवितो. सरकारी कचेरीत जसा हुकूम, अंमलबजावणी आणि पूर्ततेचा अहवाल असा क्रम असतो, तसाच हा क्रम आहे. लुकलुकणारा दिवा इतकेच सांगतो की अहवाल अद्याप पोचलेला नाही. तो का पोचला नाही, हे शोधताना साखळीच्या सोप्या व स्वस्त कड्यांपासून आरंभ करावा. बहुतेकांचा पैसा वाया जातो तो हा क्रम उलटा केल्याने.

पहिला प्रश्न असा, की नकार योग्य तर नाही ना? ‘फोर-एल’साठी गाडी थांबलेली, आणि गिअर न्यूट्रलमध्ये अथवा क्लच पूर्ण दाबलेला असावा लागतो. हे न पाळल्यास पेटी आज्ञा नाकारते, आणि ते तिचे कर्तव्यच आहे. कधी चालक सारे नीट करतो. परंतु गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे सांगणारा स्विचच बिघडलेला असतो. अशा वेळी ‘फोर-एच’ लागते आणि ‘फोर-एल’ तेवढे लागत नाही. टायरांकडेही पाहावे. पुढच्या व मागच्या टायरांची झीज किंवा हवा यांत मोठा फरक असल्यास, अथवा कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘फोर-एच’मध्ये वळणे घेतल्यास, यंत्रणेत पीळ बसतो आणि जोडणी सुटत नाही. गाडी सरळ रेषेत थोडी मागेपुढे घेतली, की हा पीळ पुष्कळदा उतरतो.

तेवढ्याने भागले नाही, तर कान कामी येतो. सपाट जागी हातब्रेक लावून, इंजिन बंद व किल्ली ‘ऑन’ ठेवून एकाने बटण फिरवावे आणि दुसऱ्याने गाडीशेजारी उभे राहून ऐकावे. मोटरची घरघर ऐकू आली, तर आज्ञा तेथवर पोचली आहे; दोष काट्यात, पुढच्या ॲक्सलच्या जोडणीत किंवा संवेदकात शोधावा. नुसती टिकटिक ऐकू आली, तर रिले जागा आहे, पण मोटरला पुरेशी वीज मिळत नाही किंवा ती जाम झाली आहे. काहीच ऐकू आले नाही, तर फ्यूज, रिले, बटण आणि वायरी पाहाव्यात.

विजेच्या दोषांत सर्वांत सामान्य दोष सर्वांत क्षुल्लक दिसतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ती अशक्त असेल, तर मोटर काटा अर्ध्यावर सोडते. गाडीच्या पोटाखालील कनेक्टर चिखल-पाणी सोसतात. त्यांच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो आणि वीज अडते. अर्थिंगची वायर गंजल्यानेही हेच होते. कनेक्टर उघडून, पुसून, कोरडे करून बसविणे हा बिनखर्चाचा उपाय नवी मोटर विकत घेण्यापूर्वी अवश्य करावा. गॅरेजमध्ये संगणकीय वाचक लावताना तो या पेटीची नोंद वाचतो की केवळ इंजिनाची, हेही विचारून घ्यावे.

पुढच्या ॲक्सलची जोडणी प्रत्येक गाडीत निराळी असते. अमेरिकेतील फोर्ड एफ-१५० च्या २००४ पासूनच्या अनेक गाड्यांत इंजिनाच्या निर्वात ओढीने पुढच्या चाकांची जोडणी सोडवून धरलेली असते. रबरी नळीला चीर पडली, की ओढ ढिली होते आणि ‘टू-एच’मध्येही चाकाजवळ दात घासल्यासारखा आवाज येतो. तेथे ट्रान्स्फर केस खोलणे व्यर्थ. दोष नळीत असतो.

एक धोका मात्र विसरू नये. ‘फोर-एल’कडे जाताना काटा मध्येच अडकला, तर ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये राहू शकते. मग गिअर टाकलेला असो की ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये असो, उतारावर ती घरंगळते. म्हणून तपासणीपूर्वी हातब्रेक लावून चाकांखाली दगड ठेवावेत.

न वापरलेली यंत्रणा गंजते. काही उत्पादक महिन्यातून एकदा तरी ती वापरावी असे पुस्तिकेत सांगतात. पावसाळ्यापूर्वी मोकळ्या मातीच्या मैदानावर बटण फिरवून दिवा स्थिर होतो की नाही हे पाहणाऱ्याला त्या दिव्याचा अर्थ डोंगरातल्या अंधारात प्रथमच शोधावा लागत नाही.