एसटीतला दौर

रमजानच्या महिन्यात मुस्लिम घरांच्या भिंतीवर एक वेळापत्रक लागते. सहरी कधी संपते, इफ्तार कधी, सगळे मिनिटांसकट छापलेले. एरवी ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणून तासाभराने उगवणारा माणूसही या महिन्यात घड्याळ पाहून चमचा खाली ठेवतो. अशा घरांतल्या ज्या मुली मिरजेला नर्सिंग शिकायला रोज ये-जा करतात, त्यांना मात्र दोन वेळापत्रके सांभाळावी लागतात. एक भिंतीवरचे आणि दुसरे एसटीचे. पहिले चुकत नाही, दुसऱ्याचा भरवसा नाही.

तासगावचेच उदाहरण घेऊ. तिथून सांगली साधारण २५ किलोमीटर, पुढे मिरज आणखी दहा. आठच्या वॉर्ड ड्युटीला पोचायचे तर सहरी आणि फजरची नमाज आटोपून सव्वासहाच्या सुमारास स्टँडवर उभे राहावे लागते. कुमठे फाटा, कवलापूर, माधवनगर करत सांगली, तिथे गाडी बदलून मिरज. थांबणे धरून दीड तास. येताना तेवढाच. महिन्याचे २४ दिवस धरले तरी ७२ तास होतात.

या ७२ तासांवरून घरात वाद होतात. बारावी कला शाखेच्या मुलीलाही जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो, म्हणून आमच्या वर्गातूनही काही जणी तिकडे जातात. पहिले वर्ष अर्धे सरले की कुणाचे तरी अब्बा भेटायला येतात. ‘मॅडम, पैशाचं नाही हो. पण पोरीचा अर्धा दिवस रस्त्यातच जातो. घरी आली की झोपते. अभ्यास करायचा कधी?’ प्रश्न रास्त असतो. एसटीचा विद्यार्थी पास दोन-तृतीयांश सवलतीत मिळतो, तेव्हा खर्चाची बाजू निभते. वेळेचे उत्तर कुणाकडे नसते. मग रमजान येतो, ‘एवढा महिना जाऊ दे’ म्हणून सुट्टी पडते, हजेरी कमी भरते, आणि एखादी मुलगी ईदनंतर परत जातच नाही.

बसमध्ये अभ्यास करायचा म्हणून बहुतेक मुली पुस्तक उघडतात आणि तिथेच फसतात. डोळे पानावर स्थिर, कानातला तोल सांभाळणारा अवयव मात्र सांगतो की आपण हलतो आहोत. या दोघांचे जमत नाही आणि मळमळते. रोजा असला तर वर घोटभर पाणीही घेता येत नाही.

यावर एक जुना तोडगा आपल्या मशिदींतच आहे. तरावीहच्या नमाजेत हाफिज तीस पारे तोंडपाठ म्हणतो, ते त्याने कसे टिकवलेले असतात? मदरशात मूल रोज तीन गोष्टी म्हणून दाखवते. सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतला, आणि मंजिल म्हणजे जुना, आधी पक्का केलेला. रमजानमध्ये दोन हाफिज समोरासमोर बसतात. एक म्हणतो, दुसरा ऐकतो, अडला की पुढचा शब्द देतो. याला दौर म्हणतात. रमजानच्या रात्री हजरत जिब्रील येत आणि पैगंबरसाहेब त्यांच्याबरोबर कुरआनचा असाच दौर करत, असे हदीसमध्ये आहे. वेदपाठशाळेतली संथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

अर्थ न समजता केलेल्या घोकंपट्टीला नावे ठेवावीत, माझी हरकत नाही. पण समजलेले टिकवायला दौरासारखे दुसरे साधन नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला होता. आठवून पाहायला पुस्तक लागत नाही, उजेड लागत नाही, बसायला जागा मिळाली नाही तरी चालते. दांडीला धरून उभ्या असलेल्या मुलीलाही ते जमते.

म्हणून रात्री एका चिठ्ठीवर दहाच प्रश्न लिहावेत. चार नवे, तीन या आठवड्यातले, तीन जुने. दोघी मैत्रिणी असल्या तर दौर, एकटी असली तर स्वतःच्या आवाजात मोबाइलवर प्रश्न भरून ठेवावेत आणि दोन प्रश्नांमध्ये उत्तराला जागा सोडावी. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे आहे, सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, तर मिनिटाला थेंब किती? दहा हजार भागिले २४०. कवलापूर ते माधवनगरच्या आत ४२ हे उत्तर यायला हवे. वॉर्डात नर्सला कागद-पेन शोधायला वेळ नसतो.

एक पथ्य मात्र कडक. पेशंटचे नाव आणि आजार बसमध्ये काढायचा नाही. पुढच्या सीटवर त्याचाच मामा बसलेला असू शकतो.

आमच्या मुलींची खरी अडचण भाषेची आहे. शाळा उर्दू किंवा मराठी माध्यमाची, नर्सिंगची पुस्तके इंग्रजी, आणि वॉर्डातला पेशंट यांतले काहीच बोलत नाही. एका नाडीला उर्दूत नब्ज, इंग्रजीत पल्स. पेशंट म्हणतो ‘छातीत धडधडतंय’, त्याच्या शेजारची चाची म्हणते ‘जी घबरा रहा’. मिरजेत कर्नाटकातले पेशंट पुष्कळ, त्यांना ‘एल्ली नोवू?’ म्हणजे ‘कुठं दुखतंय?’ एवढे विचारता आले तरी चेहरा सैल होतो. ही शब्दांची वही भरायला सांगली-मिरज बससारखा वर्ग नाही. तिथे शेजारी बसलेल्या कानडी आजीला विचारावे, ती आनंदाने शिकवते.

रमजानमध्ये हीच भाषा कामाला येते. मधुमेहाचा पेशंट रोजा आहे हे डॉक्टरांपासून लपवतो. नर्सच्या तोंडून दोन शब्द आपल्या बोलीतले आले की हळूच विचारतो, ‘सिस्टर, रोजात सुई चालते का?’ बोटाला टोचून साखर तपासल्याने किंवा इन्शुलिनने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा मानतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे मधुमेह आणि रमजानविषयीच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आजाऱ्याला ही सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. प्रवाशालाही दिली आहे, पण हनफी मताप्रमाणे त्यासाठी साधारण ७७ किलोमीटरचे अंतर लागते. तासगाव-मिरज त्यात बसत नाही, हे मुलींना पाठ असते!

परतीचा प्रवास झोपेचा. सहरीसाठी चारला उठलेल्या मुलीने येताना पुस्तकाला हात लावू नये. सांगलीत कोण उठवणार, तेवढे ठरवून ठेवावे. गाडीला उशीर झाला तर खजुराची पुडी जवळ असते, पाणी शेजारचा देतो. यात अप्रूप वाटण्यासारखे आता काही राहिलेले नाही.

राहिली घरची बाजू. मदिनेत मशिदीच्या आवारात तंबू टाकून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदांची गोष्ट मुलीच्या नर्सिंगला नाक मुरडणाऱ्यांना मी सांगते, ती ऐकूनही घेतात. त्याहून अवघड आहे ते बसमधून उतरलेल्या मुलीला थेट चुलीपुढे उभी न करणे. बसमध्ये मिळालेली झोप आणि पक्के झालेले दहा प्रश्न इफ्तारीच्या भांड्यांत वाहून जातात. माझ्या ओळखीच्या एका घरात यंदा भजी तळायचे काम धाकट्या भावाकडे गेले आहे. भजी आतून कच्ची राहतात, अशी आजीची तक्रार आहे. तरी काम अजून त्याच्याकडेच आहे.